आधी गिऱ्हाईक, मग सर्टिफिकेट

मागच्या अंकात आम्ही एकच ओळ छापली होती, "धंदा शिकवून येतो का? प्रश्न पाठवा." तर पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरचे लांबलचक व्हॉइस मेसेज असं मिळून एवढं जमलं की संपादकांनी मला दोन पानं जास्तीची दिली, जी ते एरवी कुणाला देत नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, गोवा एवढासा, गावाचं नाव वाचूनच अर्धे लोक ओळखतील कोण ते.

प्रश्न (डिचोली): माझे खाणीवर दोन ट्रक होते. खाण बंद झाल्यावर एक मिळेल त्या भावात विकला, दुसरा अंगणात उभा राहून गंजला. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झालाय, वेर्ण्याला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याला स्वतःचं काहीतरी करायचंय पण म्हणतो आधी एमबीए करतो. फीचा आकडा ऐकून मला घाम फुटला. एमबीए केल्याशिवाय धंदा होत नाही का? मी दहावी नापास, तरी दोन ट्रक चालवलेच ना?

उत्तर: काका, चालवले आणि चांगले चालवले. कर्ज काढलं, फेडलं, ड्रायव्हर सांभाळले, टायर आणि डिझेलचा हिशेब तोंडपाठ ठेवला, हे काही कमी नाही. पण रागावू नका, एक गोष्ट तुम्हाला कधी करावीच लागली नाही, ती म्हणजे गिऱ्हाईक शोधणं. माल खाणीवर भरायचा, जेटीवर ओतायचा, दर ठरलेला, ट्रिपा ठरलेल्या. डिचोली, सत्तरी, सांग्यातल्या कितीतरी घरांचं असंच होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, मग मधे थोडंफार सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, की मार्चपासून परत सगळं ठप्प. त्या काळात मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. समोर येऊन बसणाऱ्या माणसांकडे कष्टाची तयारी होती, गाडी होती, पण "आता दुसरं कोण काम देईल" याचा पत्ता नव्हता कारण तो प्रश्नच आधी कधी पडला नव्हता. हे मी तुमच्या मुलासाठी सांगतोय, कारण एका कंपनीच्या भरवशावर वर्कशॉप टाकलं तर तेच पुन्हा होईल.

आता एमबीए. साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, १९९३ पासूनची संस्था, चांगली आहे. पण एमबीएचा बहुतेक अभ्यासक्रम मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून असतो. आणि खरी अडचण अभ्यासाची नाहीच, फीची आहे. शैक्षणिक कर्ज घेतलं की कोर्स संपल्यावर हप्ता सुरू, हप्ता भरायला नोकरी, नोकरी लागली की लग्न, लग्न झालं की फ्लॅट, आणि "स्वतःचं काहीतरी" राहतं ते राहतंच. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता अंदाजसुद्धा चुकत नाही.

त्याला म्हणावं, एमबीए दोन वर्षं पुढे ढकल आणि आत्ता डोळे उघडे ठेव. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, इथल्या फॅक्टऱ्या बाहेरून काय काय करून घेतात ते बघ. पॅकिंग लाईनचा एखादा पार्ट झिजतो, तो पुण्याहून किंवा बेळगावहून येईपर्यंत लाईन बंद राहते. जिग-फिक्स्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं), गार्ड, ट्रॉली, छोटीमोठी फॅब्रिकेशनची कामं. पर्चेसवाल्याला जाऊन सरळ विचारायचं की कुठल्या वस्तूसाठी तुम्हाला सगळ्यात जास्त थांबावं लागतं. स्वतःच्या कंपनीच्या पाठीमागून नको, ते अंगाशी येतं. दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करून घेऊन पहिल्या दोन-तीन ऑर्डरी पुऱ्या कर, तेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मग जे अडेल तेवढंच शिक. अडणार काय ते मी आत्ताच सांगतो, कोटेशन लावताना मशीनचा तास कितीचा धरायचा, जीएसटी, आणि पैसे वसूल करणं. तेवढ्याचे छोटे वर्ग असतात, मडगावच्या केंद्र सरकारच्या एमएसएमई ऑफिसात चौकशी करा.

वसुलीवरून आठवलं, हे कॉलेजात शिकवतात की नाही देव जाणे. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या युनिटचे पैसे घेणाऱ्या कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, वर महिन्याची चक्रवाढ. पहिल्याच बिलाला कायदा दाखवला तर दुसरी ऑर्डर येणार नाही हे खरं. पण ४५ दिवसांची ओळ बिलावर छापलेली असावी, भांडण नाही, नुसती ओळ.

प्रश्न (सत्तरी): आमचा दहा बायकांचा बचत गट आहे. भिरंडाची (कोकमाची) सोलां, आगळ, फणसाची साटां, लोणचं करतो. आतापर्यंत बरीच ट्रेनिंगं झाली, दरवेळी सर्टिफिकेट, चहा-समोसा आणि बॅनर धरून फोटो. आता परत एका ट्रेनिंगला बोलावलंय. विक्री मात्र होते ती चवथीच्या आधी आणि प्रदर्शनात, एरवी माल घरातच. जाऊ की नको? सोलांचं २०० ग्रॅमचं पाकीट ८० रुपयांना देतो, खर्च ३० येतो, ५० सुटतात, म्हणजे धंदा तसा फायद्यातच आहे.

उत्तर: ताई, ते ५० सुटत नाहीत. तुम्ही सोबत जे आकडे पाठवलेत तेच घेऊन बसूया.

शंभर पाकिटांचा माल. तुम्ही ३० रुपयांत भिरंड, मीठ आणि प्लॅस्टिकचं पाकीट धरलंय. स्टिकरचे २ रुपये सुटलेत. पुढे, तुमच्याच पत्रात आहे की चौघीजणी रोज अडीच तास असं आठ दिवस, भिरंडं फोडायची, साली काढायच्या, वाळत घालायच्या, परत रसात बुडवायच्या, परत वाळत घालायच्या, ढग आला की धावत जाऊन उचलायच्या. हे झाले ८० तास. तासाला ५० रुपये धरले, आणि हे मी कमीच धरतोय, तर ४००० रुपये, म्हणजे पाकिटामागे ४०. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेता, रिक्षा-बस, जागेचे पैसे आणि जेवण मिळून एका फेरीचे ६०० आणि फेरीत विकली जातात तीसेक पाकिटं, म्हणजे आणखी २०. बेरीज करा, ९२. विकता ८० ला. पाकिटामागे १२ रुपये घरातून जातात. मजुरी धरलीच नाही तर पाकिटामागे २८ सुटतात, म्हणजे तुम्हाला तासाला ३५ रुपये पडतात, आणि त्या ३५ मध्ये पावसात चिकट झालेली, बुरशी धरलेली पाकिटं मोजलेलीच नाहीत.

हा हिशेब कुठल्याच ट्रेनिंगमध्ये तुमच्याकडून करून घेतला नाही याचा मला राग येतो. फळ्यावर "उत्पादन खर्च = स्थिर खर्च + बदलता खर्च" लिहून दिलं असेल, तुम्ही वहीत उतरवलं असेल आणि घरी येऊन परत ३० रुपयेच धरले असतील.

डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशात असाच एक प्रयोग झाला होता, छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर अकाउंट्स शिकवले आणि दुसऱ्या गटाला नुसते सोपे ठोकताळे, उदाहरणार्थ घरचे पैसे एका ड्रॉवरमध्ये आणि धंद्याचे दुसऱ्या, आणि स्वतःला ठरलेला पगार, घरखर्च त्यातूनच. सोप्या ठोकताळेवाल्यांचं काम सुधारलं, रीतसर अकाउंट्सवाल्यांमध्ये फारसा फरक दिसला नाही. तेव्हा आज संध्याकाळीच दोन डबे करा. गॅस सिलिंडरचे पैसे धंद्याच्या डब्यातून गेले की संपलं.

ट्रेनिंगला जायचं की नाही? आधी फोन करून विचारा शिकवणार काय. परत "महिला सक्षमीकरण आणि उद्योजकता" असेल तर त्या दिवशी घरी राहून माल भरा. पॅकिंग, ओलावा, माल किती महिने टिकतो, लेबलवर कायद्याने काय काय लिहावं लागतं, हे असेल तर नक्की जा, कारण तुमचा माल पावसाळ्यात खराब होतो तिथेच पैसा जातोय. आणि जाताना दोघी मिळून जा, हे मी सोबत म्हणून सांगत नाहीये. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या खातेदार बायकांना दोन दिवसांचं धंद्याचं ट्रेनिंग दिलं होतं, काहींना एकटीला बोलावलं आणि काहींना मैत्रीण घेऊन या म्हटलं. चार महिन्यांनी बघितलं तर मैत्रिणीसोबत आलेल्यांनी कर्ज घेऊन धंद्यात घातलं होतं, काम वाढवलं होतं, एकटीने आलेल्यांमध्ये तसा बदल नव्हता. घरी परत आल्यावर "आपण असं करायचं का गो" म्हणायला कुणीतरी लागतं.

भाव. ८० वर अडून राहू नका. बाजारातल्या फेऱ्या कमी करून आठ-दहा होमस्टे आणि दुकानं पकडा, एका फेरीत तीसच्या जागी ऐंशी पाकिटं उतरली तर तो २० चा खर्च साडेसातवर येतो. दुकानदार त्याचं कमिशन मागेल, तेव्हा छापील किंमत ८० ठेवून चालणारच नाही. गोव्यातून घरी परत जाणारा पर्यटक चांगल्या पाकिटातली सोलां १२० ला घेतो, तुमची शेजारीण घेणार नाही हे मान्य, पण शेजारणीच्या घरी भिरंडाचं झाड आहे. आणि केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत खाद्यपदार्थ करणाऱ्या बचत गटाला मेंबरमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं, ते खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. ते मागा. समोसे पुरे झाले.

प्रश्न (मडगाव): तुम्ही काहीही म्हणा, धंदा रक्तात असावा लागतो. मारवाडी कुठला कोर्स करतो? आपल्या बाजारातली निम्मी दुकानं आणि पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) भट्ट्यासुद्धा बाहेरचे लोक चालवतात, त्यांना कुणी उद्योजकता शिकवली? सरकारने या ट्रेनिंगवर पैसे उधळणं बंद करावं.

उत्तर: मारवाडी सगळ्यात लांबलचक कोर्स करतो साहेब. आठ वर्षांचा असल्यापासून शाळेतून आल्यावर दुकानात बसतो, उधारी कुणाला द्यायची कुणाला नाही ते बापाच्या चेहऱ्यावरून शिकतो, दिवाळीत वह्या बघतो, अठराव्या वर्षी काकाच्या दुकानात दुसऱ्या गावी पाठवतात आणि बुडाला तर परत उभा करायला नातेवाईक असतात. याला तुम्ही रक्त म्हणता, मी दहा वर्षांचं ट्रेनिंग म्हणतो. आपल्याकडे मुलगा दुकानात जरा बसला की आई म्हणते "अभ्यास कर, नाहीतर असाच बसशील". मग पुढे हेच ट्रेनिंग दहा दिवसांत द्यायला सरकारी वर्ग काढावा लागतो आणि ते जमत नाही म्हणून आपणच हसतो.

पण दहा दिवसांत काहीच होत नाही असंही नाही. १९६४-६५ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकीनाडा गावातल्या धंदेवाल्यांना हैदराबादच्या संस्थेत नेऊन साधारण दहा दिवसांचं ट्रेनिंग दिलं. भांडवल दिलं नाही, मशीन दिलं नाही. पुढे तुलना केली तर ट्रेनिंग घेतलेल्यांनी नवे उद्योग जास्त काढले होते, माणसं जास्त लावली होती. आपल्या देशातली उद्योजकता शिबिरं बरीचशी तिथून निघाली. मग १९७० च्या आसपास गुजरातने नवख्या लोकांसाठी वर्ग सुरू केले आणि त्या अनुभवातून १९८३ मध्ये अहमदाबादची ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था झाली. महाराष्ट्राचं तसंच केंद्र, एमसीईडी, १९८८ चं.

त्या ट्रेनिंगमधला एक खेळ अजून चालतो, मी स्वतः बघितलाय. जमिनीत एक खुंटी रोवलेली, हातात दोरीच्या कड्या, कुठून फेकायची ते तुम्हीच ठरवायचं, लांबून टाकली तर मार्क जास्त. काहीजण खुंटीच्या डोक्यावर उभे राहून टाकतात, काहीजण भिंतीला पाठ लावून मारतात, लागली तर लागली. आणि काहीजण पहिली कडी टाकून बघतात, अर्धा पाऊल मागे-पुढे होतात, परत टाकतात. एका शिबिरात एक मासळी विकणारी बाई होती, लिहिता-वाचता बेताचंच, ती तिसऱ्या कडीला बरोबर त्या मधल्या जागेवर येऊन उभी राहिली आणि शेजारचा बीकॉम झालेला मुलगा शेवटपर्यंत भिंतीजवळून मारत राहिला, एकही लागली नाही. खेळ झाल्यावर शिकवणाऱ्याने त्या मुलाला एवढंच विचारलं, "पहिली चुकल्यावर तू पुढे का नाही आलास?" त्याला उत्तर देता आलं नाही, पण विचार करत बसला. हे वर्गात शिकवता येतं.

अजून एक. आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला, २०१७ साली तो छापून आला. एका गटाला नेहमीचं ट्रेनिंग, हिशेब-मार्केटिंग वगैरे, दुसऱ्याला पुढाकार कसा घ्यायचा, दुसऱ्यापेक्षा वेगळं काय करायचं, अडथळा आला तर आधीच काय तयारी ठेवायची याचं, तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला, पहिल्याचा ११ टक्के, आणि तोसुद्धा ठाम म्हणता येईल असा नाही.

आता काकीनाडा आणि टोगो दोन्हीकडे एक गोष्ट बघा, बसवलेली माणसं आधीपासून धंदा करणारी होती. त्यांच्याकडे काल घडलेलं काहीतरी होतं, त्यामुळे शिकवलेलं चिकटायला जागा होती. आपण नेमकं उलटं करतो, ज्याने आयुष्यात एक लिंबू विकलं नाही त्याला बॅलन्स शीट शिकवतो. तेव्हा पैसे उधळले जातात हे तुमचं म्हणणं अर्धं मान्य, पण ट्रेनिंग बंद करून नाही, योग्य माणूस योग्य वेळी बसवून ते थांबेल. आणि नंतर विचारपूस हवी. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात १९८२ मध्ये रुडसेटी ही स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली, धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे आणि दोन बँकांनी मिळून. फुकट, निवासी, आणि ट्रेनिंगनंतर दोन वर्षं पाठपुरावा, कर्ज मिळालं का, धंदा चाललाय का. त्याच धर्तीवर पुढे देशभर बँकांच्या आरसेटी नावाच्या संस्था आल्या. धर्मस्थळाला देवदर्शनाला आपल्याकडून गाड्या भरून जातात, उजिरे वाटेवरच आहे, एकदा आत डोकावून या.

प्रश्न (म्हापसा): मी आयटीआय केलंय, एसी-फ्रीजचं काम एका दुकानात करतो. पीएमईजीपीत (नवा धंदा काढायला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना) ६ लाखांचं स्वतःचं दुकान टाकायचंय. त्यात ईडीपी म्हणजे उद्योजकतेचं ट्रेनिंग सक्तीचं आहे म्हणतात, ते नावापुरतं असतं का? आणि सबसिडी हातात कधी येते?

उत्तर: हातात येतच नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. सबसिडी बँकेत तुझ्या कर्जाच्या नावावर तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी येऊन बघतात दुकान चालू आहे का, मग ती कर्जात वळती होते. म्हापसा पालिका क्षेत्रात म्हणजे शहरी धरतात, जनरलमध्ये असलास तर १५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे १० टक्के, म्हणजे ९० हजार आणि ६० हजार. महिला, ओबीसी, एससी, एसटी, अल्पसंख्याक वगैरे असेल तर २५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. गावात दुकान घेतलंस तर सबसिडी १० टक्क्यांनी जास्त. पण एसी सगळे शहरात आणि बीचवर, तेव्हा सबसिडीसाठी गावात जाऊन बसू नकोस.

ट्रेनिंग, ५ लाखांपर्यंतच्या प्रोजेक्टला पाच दिवस आणि त्यावर दहा, २ लाखांपर्यंत सक्ती नाही, ऑनलाईन पण होतं. ऑनलाईन लावून मोबाईल पालथा ठेवणारे खूप. तू समोरासमोर बस, कारण दहा दिवस तुझ्यासारखी वीस माणसं भेटतात आणि बँकेचा माणूस शिकवायला आला तर चहाच्या वेळी त्याला पाहिजे ते विचारता येतं. तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट एजंटकडून घेऊ नकोस. एजंटच्या रिपोर्टमध्ये बाराही महिने धंदा सारखाच असतो. आणि जून ते ऑगस्ट तुझ्याकडे कोण येणार रे? एसीवाल्याचा सीझन मार्च ते मे, हॉटेलवाल्यांचं मेंटेनन्स सीझन उघडायच्या आधी, आणि पावसात मोबाईल वाजत नाही पण हप्ता येतो. म्हणून वर्षाचे मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट. बंद पडून असलेले हॉलिडे फ्लॅट पुष्कळ आहेत, मालक मुंबई-दिल्लीला, पाच सोसायट्यांचे सेक्रेटरी पकडलेस तर पावसाळा निघतो.

एक बारीक नियम, ही योजना नवीन युनिटसाठी आहे. दुकान आधीच उघडून बसलास तर बाद. तेव्हा आत्ता दुकानात नोकरी करतोस तोवर गिऱ्हाईक कसं बोलतं, कुठला पार्ट कितीला येतो, मालक उधारी कशी वसूल करतो ते शिकून घे, हे तुझं खरं ईडीपी. आणि नवे एसी आर-३२ गॅसवर आहेत, तो थोडा पेट घेणारा आहे, जुन्या आर-२२ सारखा हाताळून चालत नाही, त्याचं टेक्निकल ट्रेनिंग कुठल्या कंपनीकडून मिळालं तर एक दिवसाची रजा टाकून जा. ताजे नियम पणजीला उद्योग भवनात विचारूनच अर्ज भर.

प्रश्न (पेडणे): मी हायस्कूलमध्ये शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हाला मुलांना व्यवसायाची ओळख करून द्यायची आहे. आम्ही दरवर्षी आनंद मेळावा करतो, मुलं भेळ, सरबत विकतात, सगळा माल संपतो. हे उद्योजकता शिक्षण झालं का?

उत्तर: बाई, माल का संपतो ते तुम्हालाही माहीत आहे. आईने पैसे दिले, आईने भेळ केली, आईनेच विकत घेतली. मुलाने टेबलाच्या मागे उभं राहून टोपी घातली.

मेळावा बंद करू नका, तीन बदल करा. भांडवल घरून आणायचं नाही, शाळेने गटाला ५०० रुपये उसने द्यायचे आणि ते परत घ्यायचे. दुसरं, पालकांना पहिला एक तास आत सोडायचं नाही, गिऱ्हाईक बाहेरचं. तिसरं, दुसऱ्या दिवशी एक तास फक्त हिशेब, उरलेलं सरबत फेकलं त्याचे पैसेसुद्धा धरायचे. तोटा झालेल्या गटाला टाळ्या नकोत आणि रागावणंही नको, काय झालं ते त्यांनी फळ्यावर मांडायचं. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून असा अभ्यासक्रम आणला आणि मग २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये बीजभांडवल देऊन खरोखरचे छोटे धंदे करायला लावले. आपल्याकडे तेवढे पैसे नसतील तर ५०० त पण काम होतं.

धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस बिनदप्तराचे आहेत, सुतार, कुंभार, माळी अशांकडे जाऊन शिकायचे. पेडण्यात तर सोन्यासारखी संधी आहे. हरमलच्या मिरचीला जीआय मानांकन (त्या भागाचीच म्हणून सरकारी ओळख) आहे, ती पिकवणाऱ्याकडे मुलांना न्या आणि एकच काम द्या, शेतात किलोचा भाव काय, बाजारात काय, दुकानात पाकिटात काय, आणि मधले पैसे कुणाकुणाला जातात ते शोधून आणा. मोपाला विमानतळ २०२३ पासून सुरू आहे, तिथे येणाऱ्या माणसाला तालुक्यातलं काय विकत मिळतं ते मोजून आणा. भाषण एकही नको, "उद्योजक बना" असं म्हणायला पाहुणे बोलावू नका, मी बोलावणं आलं तरी येणार नाही.

प्रश्न (काणकोण): मुलीने हॉटेल मॅनेजमेंट केलंय. तिला घरून जेवण पुरवायचा व्यवसाय करायचाय, आणि आम्हाला वाटतं सरकारी नोकरीची जाहिरात येईपर्यंत थांबावं. तोवर एखादा उद्योजकतेचा कोर्स करू दे का?

उत्तर: जाहिरातीची वाट बघता बघता वय निघून जातं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. कोर्स नको, तिला दोन वर्षं एखाद्या छोट्या किचनमध्ये नोकरी करू दे, मोठ्या हॉटेलात नको कारण तिथे फक्त भाज्या कापायला ठेवतील. छोट्या ठिकाणी खरेदी, नासाडी, स्विगीवाल्यांचं कमिशन, न आलेला आचारी, सगळं डोळ्यासमोर घडतं आणि वर पगार मिळतो. त्याच काळात रविवारी दहा डबे करून बघू दे. दहाचे वीस झाले तर जाहिरातीचा विषय तीच काढणार नाही. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी) नोंदणी मात्र पहिल्या डब्याआधी.

प्रश्न (पणजी): एका हॉटेलात रविवारी "करोडपती उद्योजक" सेमिनार झाला, आधी फुकट, मग शेवटी ७५,००० रुपयांचा ॲडव्हान्स कोर्स, "आजच भरले तर अर्ध्या किमतीत". मित्राने भरले, मी विचार करतोय.

उत्तर: शिकवणाऱ्याला विचारा, या कोर्सशिवाय तुमचा दुसरा धंदा कुठला, त्याचा जीएसटी नंबर द्या. नंबर आला तर मला कळवा, मलाही बघायचाय. मित्राला सांगा, पावती आणि परताव्याच्या अटी लेखी मागून घे, नाही दिल्या तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

प्रश्न (फोंडा): उद्यम नोंदणी, ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट मिळून २,५०० रुपये असं पॅकेज एकाने सांगितलंय. घेऊ का?

उत्तर: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, २०२० च्या जुलैपासून. आधार, पॅन आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, पंधरा मिनिटांचं काम आहे, सर्टिफिकेट तिथूनच डाउनलोड होतं. गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर ज्या साईट दिसतात त्यांतल्या बऱ्याच खाजगी एजंटांच्या असतात, पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतोय ना एवढं बघून घ्या, आणि पैसे मागितले तर खिडकी बंद करा.